फोल्डर दिसतं, पण उघडत नाही

जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स टाकून घरचा साठवणीचा सर्व्हर कसा करायचा, ते मागच्या अंकात लिहिलं होतं. आलेल्या पत्रांवरून दिसतं की सर्व्हर बहुतेकांचा उभा राहिलाय. घोडं अडलंय ते त्यातली फोल्डरं घरातल्या बाकीच्या मशीनवर उघडताना. म्हणून या वेळी सगळे प्रश्न त्याच विषयावरचे घेतलेत. कमांडी आणि सेटिंगांची नावं इथं उच्चाराप्रमाणे छापलीत. मशीनवर अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायची.

प्रश्न : ताई, नमस्कार. आमच्या घरी डेबियन लिनक्सचा सर्व्हर आहे. त्याला चार टीबीची डिस्क जोडली आहे, ती आधी विंडोजच्या मशीनला होती. तिच्यात घरच्या लग्नांचे फोटो, साडीच्या दुकानाचे हिशेब आणि शेताचे कन्नडमधले उतारे आहेत. लिनक्सवरची फोल्डरं विंडोजला उघडू देणारा सांबा घातला. माझ्या नावानं फोल्डर उघडतं. सूनबाईच्या आणि नातवाच्या नावानं मात्र नुसतं दिसतं, उघडायला गेलं की ‘ॲक्सेस डिनाइड’. नातवानं कुठंतरी बघून सगळ्या फोल्डरांना ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळं करू देणारी परवानगी दिली, तरी तेच. आणखी एक सांगायचं म्हणजे, लाइट जाऊन आली की कुणालाच उघडत नाही. मी सर्व्हरला मॉनिटर जोडून लॉगिन केलं की परत सुरू होतं. सांबा काढून पुन्हा घालू काय?
— वडगाव, बेळगाव

उत्तर : काका, सांबाला हात लावू नका. तो बिचारा बरोबर आहे. लॉगिन केलं की परत सुरू होतं, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत, निदान तिथंच झालं. (तरुण मंडळींची पत्रं येतात त्यात नुसतं ‘चालत नाही, काय करू’ एवढंच असतं.)

डेस्कटॉपवाल्या लिनक्सवर कुणी लॉगिन केलं की जोडलेली डिस्क आपोआप माउंट होते, म्हणजे एका फोल्डराच्या जागी जोडली जाते. ती होते ‘मीडिया’ नावाच्या फोल्डरात, आणि त्यातही लॉगिन करणाऱ्याच्या नावाच्या उपफोल्डरात. लाइट आल्यावर मशीन आपोआप सुरू झालं तरी लॉगिन कुणी केलेलं नसतं, त्यामुळं डिस्क माउंट झालेली नसते. सांबा त्या पाथवर बघतो, तिथं काहीच नसतं.

आता सूनबाईचं. मीडियामधलं ते तुमच्या नावाचं उपफोल्डर तुमच्याखेरीज दुसऱ्या कुणाला आत शिरू देत नाही. ती लिनक्सनंच घातलेली मर्यादा आहे आणि योग्य आहे, कारण एकानं लावलेला पेनड्राइव्ह दुसऱ्यानं का बघावा? नातवानं ७७७ दिलं ते त्याच्याही आतल्या फोल्डरांना. आतल्या खोल्यांची दारं सताड उघडी आणि दिंडीदरवाजाला कडी, असं झालंय. लिनक्समध्ये फाईलपर्यंत पोचायला वाटेतल्या एकूण एक फोल्डरात शिरायची परवानगी लागते. खात्री करून घ्यायची असेल तर ‘नेमआय’ ही कमांड मायनस एल लावून चालवा आणि पुढं शेअर केलेल्या फोल्डरचा पूर्ण पाथ द्या. पाथमधला एकेक टप्पा एकेका ओळीवर येतो, मालक आणि परवानगीसकट. वरून खाली वाचत या. ज्या ओळीत परवानगीच्या शेवटच्या तीन जागांवर एक्स नाही, तिथं सूनबाई थांबल्या.

शिवाय डिस्क विंडोजची, म्हणजे एनटीएफएस या विंडोजच्या मांडणीची. तिच्यावर परवानग्या बदलायच्या कमांडी सहसा मुकाट चालतात आणि काही बदलत नाही. ७७७ चा मंत्र मला तसाही पटत नाही. चाललं तर का चाललं ते कळत नाही आणि नाही चाललं तरी कळत नाही.

करायचं काय, तर डिस्क ईएक्सटी४ या लिनक्सच्या मांडणीत करून घ्या. डेटा जागेवर ठेवून हे होत नाही, तो आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवावा लागतो. पाहुण्यारावळ्यांत कुणाकडं मोठी डिस्क असेल तर आठवडाभर मागून घ्या, आणि उतरवलेले फोटो उघडून बघितल्याशिवाय मूळ डिस्क फॉरमॅट करू नका. मग ‘एसआरव्ही’ फोल्डरात ‘घर’ नावाचं रिकामं फोल्डर करा आणि एफएसटॅब फाईलमध्ये (कुठली डिस्क कुठं माउंट करायची त्याची यादी) डिस्कचा यूयूआयडी, म्हणजे ओळखक्रमांक, लिहून ती तिथं कायमची माउंट करा. यूयूआयडी ‘बीएलकेआयडी’ कमांड सांगते. पर्यायांत ‘नोफेल’ घाला, नाही तर डिस्क कधी उशिरा जागी झाली तर अख्खा सर्व्हर तिच्यासाठी अडून बसतो.

नोफेल घातल्यावर मात्र एक धोका तयार होतो. डिस्क माउंट झाली नाही तरी ‘घर’ हे रिकामं फोल्डर तिथं असतंच. सांबा तेच शेअर करतो, सूनबाई त्यात फोटो टाकतात आणि ते सर्व्हरच्या छोट्या सिस्टिम डिस्कवर जाऊन बसतात. पुढच्या वेळी मोठी डिस्क तिथं माउंट झाली की हे फोटो तिच्याखाली झाकले जातात आणि घरात रडारड होते. म्हणून शेअर ‘घर’चं करायचंच नाही. डिस्क माउंट झाल्यावर तिच्यावर ‘डेटा’ नावाचं फोल्डर करा आणि सांबाला तो पाथ द्या. डिस्क नसेल तेव्हा ‘डेटा’ही नसेल, सांबा सरळ नकार देईल. लाइटचा भरवसा नसलेल्या आपल्या भागात हे मी सगळ्यांना आधी करायला लावते.

आता माणसं. ‘घरचे’ असा ग्रुप करा, तिघांचे यूजर करा, तिघांना ग्रुपमध्ये घाला. डेटा फोल्डरचा ग्रुप ‘घरचे’ करा आणि परवानगी २७७५ द्या. पुढचा तो २ महत्त्वाचा, त्यामुळं आत नवी तयार होणारी प्रत्येक गोष्ट त्याच ग्रुपची होते. सांबाच्या कॉन्फिग फाईलमध्ये शेअरच्या खाली ‘व्हॅलिड यूजर्स’समोर ॲटचं चिन्ह लावून ग्रुपचं नाव, ‘रीड ओन्ली’समोर नो, ‘क्रिएट मास्क’समोर ०६६४ आणि ‘डिरेक्टरी मास्क’समोर २७७५ लिहा. मास्क लिहिला नाही तर सांबा फाईलला ०७४४ धरतो. मग सूनबाईंनी टाकलेला हिशेब तुम्ही वाचू शकाल, पण त्यात आकडा दुरुस्त करू शकणार नाही. शेवटी ‘टेस्टपार्म’ चालवून फाईलमध्ये चूक नाही ना ते बघा.

सांबाचा पासवर्ड लिनक्सच्या पासवर्डहून वेगळा असतो. ‘एसएमबीपासडब्ल्यूडी’ कमांड मायनस ए लावून प्रत्येकासाठी एकदा चालवायची. विंडोज उघडताना टाकायचा चार आकडी पिन इथं चालत नाही. आणि तुम्ही ज्या लॅपटॉपवर आधी तुमच्या नावानं शिरलात, त्याच लॅपटॉपवर लगेच सूनबाईच्या नावानं शिरायला गेलात तर विंडोज हट्ट धरतं, कारण एका सर्व्हरला एका वेळी एकच नाव. ‘नेट यूज’ कमांडनं जुनी जोडणी तोडा, क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये जपून ठेवलेलं नाव पुसा, मग करा.

न विचारलेलं एक सांगते. दुकानाचे हिशेब त्याच शेअरमध्ये ठेवू नका. त्यांचं वेगळं शेअर करा, त्यात नातवाचं नाव नको. पोरगं गुणी असेलच, पण नेटवर्कवरून पुसलेली फाईल विंडोजच्या रिसायकल बिनमध्ये जात नाही, ती गेलीच. सांबात ‘रिसायकल’ नावाचं व्हीएफएस मॉड्यूल आहे. ते शेअरला लावलं की पुसलेल्या फाईली सर्व्हरवरच एका फोल्डरात जमा होतात. फोटोंच्या शेअरला ते लावाच.

प्रश्न : ताई, मी शिक्षिका आहे. जांबोटी-कणकुंबीकडच्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या मी मोबाइलवर रेकॉर्ड करते. फाईलीला नाव देताना गावाचं नाव, गाणाऱ्या बाईचं नाव आणि ओवीची पहिली ओळ पूर्ण लिहायची, अशी माझी पद्धत आहे. लॅपटॉपवर काही अडचण नाही. भावानं बसवलेल्या लिनक्स सर्व्हरवर कॉपी करायला घेतलं तर बऱ्याच फाईली जातात आणि काही जातच नाहीत. भाऊ म्हणतो, मराठीत नावं देऊ नको.
— खानापूर

उत्तर : भावाला सांगा, नावं मराठीतच राहतील. जात नाहीत त्या फाईलींची नावं बघा, सगळी लांबलचक असणार.

ईएक्सटी४ वर फाईलीच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे. विंडोजच्या एनटीएफएसवरही आकडा २५५ च, पण तिथं मोजतात ती चिन्हं. लिनक्सवर नाव यूटीएफ-८ मध्ये लिहिलं जातं आणि त्यात इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरी चिन्हाला तीन. चिन्ह म्हणजे आपण म्हणतो ते अक्षर नव्हे. ‘खानापूर’ आपण चार अक्षरी म्हणतो. संगणक ख, काना, न, काना, प, दीर्घ ऊकार, र अशी सात चिन्हं मोजतो, म्हणजे २१ बाइट झाले. या हिशेबानं लिनक्सवर देवनागरी नाव जास्तीत जास्त ८५ चिन्हांचं. ओवीची ओळ, त्यात काना-मात्रा, जोडाक्षरांचे हलन्त, पुढं गाव आणि बाईचं नाव, म्हणजे ८५ कधी ओलांडले ते कळतही नाही. लॅपटॉपवर तेच नाव शंभर-सव्वाशे चिन्हांचं असलं तरी बिनबोभाट बसतं. कन्नड लिपीलाही तीनच बाइट लागतात, त्यामुळं एखाद्या बाईनं कन्नड गाणं गायलं आणि नाव कन्नडमध्ये दिलंत तरी हिशेब हाच.

माझं मत विचाराल तर फाईलीच्या नावावर एवढं ओझं टाकूच नये. गाव, तारीख आणि त्या दिवसाचा क्रमांक एवढंच नावात ठेवा. तारीख वर्षापासून सुरू करा, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे यादी आपोआप क्रमानं लागते. पूर्ण ओवी, गाणाऱ्या बाईचं नाव, वय, माहेर कुठलं, सासर कुठलं, हे सगळं एका स्प्रेडशीटमध्ये त्या फाईलीच्या नावासमोर लिहा आणि ती स्प्रेडशीट त्याच फोल्डरात ठेवा. माहेरचा रकाना मुद्दाम सांगितला. ओवी सासरी शिकली की माहेराहून आणली, हा प्रश्न पुढं कुणीतरी तुम्हाला विचारणारच.

भावाच्या म्हणण्यात तथ्य एवढंच की काही चिन्हं नावात नकोत. प्रश्नचिन्ह, अपूर्णविराम, दुहेरी अवतरण आणि तारांकन विंडोजला चालत नाहीत. लिनक्सवर अशी नावं देता येतात, पण सांबा ती विंडोजला दाखवताना मोडतोड करून भलतंच काहीतरी दाखवतो. ‘कशी सांगू बाई?’ मधलं प्रश्नचिन्ह स्प्रेडशीटमध्ये शोभेल.

प्रश्न : आमचं छोटं छपाईचं काम आहे. जुन्या पत्रिका आणि पावतीपुस्तकांच्या फाईली पेजमेकरमध्ये आहेत आणि ते विंडोज एक्सपीच्या मशीनवरच नीट चालतं. नवीन लिनक्स सर्व्हर एक्सपीला उघडत नाही. एकानं ‘सर्व्हर मिन प्रोटोकॉल एनटी१’ अशी ओळ घालायला सांगितली. घालू का?
— निपाणी

उत्तर : घालू नका. एक्सपीला फाईल शेअरिंगची सगळ्यात जुनी बोली, एसएमबी१, तेवढीच येते. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला तो विंडोजच्या याच एसएमबी१ मधल्या भोकातून. त्याच वर्षी विंडोज १० च्या शरद ऋतूतल्या अपडेटपासून ती बोली आपोआप बसणं बंद झालं, आणि सांबानंही २०१९ मध्ये ४.११ आवृत्तीपासून ती मुळात बंद ठेवली. ती ओळ घातलीत तर एका पेजमेकरपायी सगळा सर्व्हर जुन्या बोलीत बोलायला तयार होतो.

उलट बाजूनं करा. एक्सपीवरचं कामाचं फोल्डर एक्सपीवरच शेअर करा आणि लिनक्स सर्व्हरनं ते सीआयएफएस (विंडोजचं शेअर) म्हणून माउंट करायचं, पर्यायांत ‘व्हर्स १.०’ लिहून. रोज रात्री ‘आरसिंक’ या कॉपी करणाऱ्या कमांडनं नव्या फाईली सर्व्हरवर ओढून घ्यायच्या. सर्व्हर ग्राहक म्हणून जुनी बोली बोलतो, दुकान म्हणून नाही. एक्सपीला आयपी हातानं द्या आणि ‘डिफॉल्ट गेटवे’ची जागा कोरी सोडा, म्हणजे घरातल्या मशीनशी बोलेल पण इंटरनेटवर जाणार नाही. वॉनाक्रायनंतर मायक्रोसॉफ्टनं एक्सपीसाठीही खास पॅच काढला होता, तो दुसऱ्या मशीनवर उतरवून पेनड्राइव्हनं घाला. तरीही ते मशीन कच्चंच समजा. सवड मिळेल तशा चालू पत्रिका पीडीएफ करून ठेवा.

जाता जाता, हा प्रश्न बऱ्याच जणांचा आहे म्हणून : नव्या विंडोजच्या ‘नेटवर्क’ यादीत सर्व्हर दिसत नसेल तर तो बंद आहे असं नाही. ती जुनी यादी एसएमबी१ बरोबरच गेली. सर्व्हरवर ‘डब्ल्यूएसडीडी’ पॅकेज घाला, किंवा पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा देऊन सरळ आयपी टाइप करा.

प्रश्न : मुलगा पुण्याला नोकरीला आहे. त्याला घरच्या सर्व्हरवरचे फोटो तिथून बघायचे आहेत. राउटरवर ४४५ नंबरचं पोर्ट उघडून दे म्हणतो.
— चिक्कोडी

उत्तर : वहिनी, मुलाला सांगा, नाही. ४४५ हे फाईल शेअरिंगचं दार, ते इंटरनेटवर उघडं टाकलं की ठोठावणारे लगेच हजर होतात, सगळे यंत्रानं ठोठावणारे, रात्रंदिवस. त्याऐवजी वायरगार्ड हे व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटमधून घरापर्यंतचा खासगी बोगदा, वापरा. ते २०२० पासून, म्हणजे ५.६ पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच (गाभ्यातच) आहे. मुलाच्या लॅपटॉपवर ते सुरू केलं की लॅपटॉप घरच्याच नेटवर्कात असल्यासारखा वागतो. आधी राउटरच्या पानावर डब्ल्यूएएन आयपी, म्हणजे बाहेरच्या बाजूचा पत्ता, बघा. तो १००.६४ ते १००.१२७ मध्ये सुरू होत असेल तर तुमच्या इंटरनेट कंपनीनं अनेक घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता दिलाय आणि पोर्ट उघडूनही उपयोग नव्हता. तेव्हा टेलस्केल वापरा, ते आतून वायरगार्डच आहे आणि सुट्टीला आला की मुलगा अर्ध्या तासात लावून देईल.

प्रश्न : माझ्या रूमवर आम्ही तिघेही लिनक्सच वापरतो. मग सांबा कशाला, लिनक्स-लिनक्समध्ये फोल्डर शेअर करायचं एनएफएस का नको? आम्ही लावून बघितलं, पण मित्रानं टाकलेल्या फाईली माझ्या नावावर दिसतात.
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, उद्यमबाग

उत्तर : कारण दोघांचाही यूजर नंबर (यूआयडी) १००० आहे. एनएफएस सन मायक्रोसिस्टिम्सनं १९८४ साली काढलं ते एकाच व्यवस्थापकाच्या हाताखालच्या मशीनसाठी. कोण कुठल्या नंबरचा, हे तिथं सगळ्या मशीनवर एकसारखं असायचं. म्हणून साध्या एनएफएसमध्ये सर्व्हर पासवर्ड विचारत नाही. समोरचं मशीन ‘हा १००० नंबरचा माणूस’ म्हणालं की मानतो. डेबियन, उबंटू पहिल्या यूजरला १००० देतात. तुम्ही तिघेही आपापल्या लॅपटॉपवर पहिलेच, मग सर्व्हरला तिघं मिळून एकच माणूस दिसतो.

एक तर तिघांचे नंबर १००१, १००२, १००३ असे वेगळे करा, नाही तर एक्सपोर्ट्स फाईलमध्ये ‘ऑल स्क्वॉश’ आणि ‘ॲनन यूआयडी’ देऊन सगळ्यांच्या फाईली एकाच सामायिक नावावर टाका. सिनेमे आणि नोट्सना दुसरा मार्ग पुरे. त्या फाईलीत एक सापळा आहे : नेटवर्कचा पत्ता आणि त्यापुढचा पर्यायांचा कंस यांच्यात जागा सोडायची नाही. एक स्पेस पडली तर अर्थ होतो, ‘या पत्त्याला साधे पर्याय आणि बाकी साऱ्या जगाला कंसातले’. लिहिण्याची परवानगी कंसात असते, तेव्हा बघा. बदलल्यावर ‘एक्सपोर्टएफएस’ मायनस आरए. तिघांत कुणाचा फोन किंवा टीव्हीही जोडायचा असेल तर मुकाट सांबा घ्या.

प्रश्न : सगळं व्यवस्थित चालू आहे, पण मोठ्या व्हिडिओ फाईली सेकंदाला ११ एमबीच्या वर जात नाहीत. राउटर, सर्व्हर, लॅपटॉप सगळे गिगाबिटचे आहेत. सांबाचं कुठलं सेटिंग वाढवू?
— सांबरा

उत्तर : सांबऱ्याहून सांबाचाच प्रश्न यायचा होता! सेटिंग कुठलंच नाही. ११-१२ एमबी हा १०० मेगाबिटच्या जोडणीचा कमाल वेग आहे. गिगाबिट असती तर ११० च्या आसपास दिसलं असतं. सर्व्हरवर ‘ईथटूल’ चालवा, ‘स्पीड’समोर १०० आलं की केबल पकडायची. शंभरला चार तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. कॅमेरे बसवणारे कित्येकदा जॅकमध्ये चारच तारा ठोकतात आणि उरलेल्या चार कॅमेऱ्याकडं वळवतात. जॅक उजेडात धरून बघा, प्लॅस्टिकमधून आठ रंग मोजता येतात. चारच दिसले तर त्याच माणसाला बोलावून दोन्ही टोकं नव्यानं क्रिम्प करून घ्या आणि कॅमेऱ्याला वेगळी केबल ओढायला लावा. आठ असूनही १०० च येत असेल तर एखादी तार आत तुटलीय; गच्चीवरून, उन्हापावसातून केबल आणली असेल तर बहुतेक तेच.